बी कोरडं, नोंद पक्की: वाळवंटी बागेतल्या बियांचा आढावा

वाळवंटातल्या कित्येक वनस्पती आपल्या आयुष्याचा मोठा भाग बीच्या रूपातच काढतात. ॲरिझोनात हिवाळ्यातला पाऊस चांगला झाला की सोनेरी पॉपीने माळ पिवळे होतात. त्या रोपांचं वय जेमतेम काही महिन्यांचं असतं. उरलेला काळ, पाऊस रुसला तर सलग काही वर्षं, ती जात मातीत बी होऊन पडून राहते. म्हणून वाळवंटी बाग ज्याला करायची आहे, त्याला झाडाइतकंच बी ओळखावं लागतं.

हा विषय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. पाण्याची ओढ वाढली तशी ॲरिझोनातल्या टूसॉन आणि फिनिक्समध्ये हिरवळ काढून तिथल्या मातीतली झाडं लावणारी घरं वाढली. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर २००६पासून राव जोधा डेझर्ट रॉक पार्क उभं राहिलं, तेही थारच्या स्थानिक वनस्पतींचं. आपल्याकडे गच्चीत अडेनियम आणि निवडुंग रुळले आहेत. या सगळ्यांपुढे प्रश्न चारच असतात: बी कधी घ्यायचं, कसं वाळवून ठेवायचं, कसं जागं करायचं आणि कुठे पेरायचं. ॲरिझोनातलं सोनोरन आणि राजस्थानातलं थार या दोन वाळवंटांच्या आधाराने या चारही प्रश्नांचा आढावा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. पहिल्या तिन्हींची उत्तरं बऱ्यापैकी हाताशी आहेत. मोठं नुकसान झालं आहे ते चौथ्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

मातीतलं कोठार

टूसॉनजवळच्या टुमामॉक टेकडीवर १९०३ साली कार्नेगी संस्थेने वाळवंटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. त्याच टेकडीवर १९८०च्या दशकापासून संशोधक लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांचे सहकारी हंगामी रोपांची वर्षावर्षाची मोजदाद करत आले. प्रश्न असा होता, की चांगला पाऊस झाला तरी सगळ्या बिया एकदम का उगवत नाहीत? उत्तराची गणिती मांडणी डॅन कोहेन यांनी १९६६मध्येच केली होती. पुढचा पाऊस येईल की नाही हे ठाऊक नसताना सगळं बी एकाच वर्षी उगवलं, तर एका दुष्काळात वंश संपतो. म्हणून काही बी उगवतं आणि काही मागे राहतं. टुमामॉकच्या नोंदींनी हे प्रत्यक्षात दाखवून दिलं. ज्या जातींचं यश पावसावर जास्त हेलकावतं, त्या जाती दरवर्षी बियांचा जास्त हिस्सा मातीत राखून ठेवतात.

त्याआधी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात दुसरी गोष्ट पाहिली होती. भुरभुर पावसाने बी फसत नाही. बीच्या आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, आणि ती धुऊन जाण्याइतका, साधारण इंचभर पाऊस पडल्याशिवाय ते हलत नाही.

बागवानाच्या दृष्टीने यातून दोन धडे निघतात. पेरलेल्या बियांपैकी निम्म्याच उगवल्या तर उरलेल्या मेल्या असं समजून कुंडी रिकामी करू नये. त्यातल्या बऱ्याच थांबलेल्या असतात. आणि ताजं बी नेहमीच चांगलं असतं, हा आपला समजही इथे चालत नाही. हिवाळी हंगामी रोपांचं बी वसंतात पिकतं आणि मग उन्हाळाभर तापलेल्या मातीत पडून असतं. तो कोरडा ताप मिळाल्यावरच ते उगवायला तयार होतं. असं बी गोळा केल्याबरोबर फ्रीजमध्ये टाकलं, तर त्याची पिकण्याची उरलेली प्रक्रियाच अडून बसते. त्याला आधी काही महिने घरातल्या उबदार, कोरड्या कपाटात ठेवावं आणि मग थंडाव्यात न्यावं.

काढणीची वेळ

बी गोळा करण्यात सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. हिरवी शेंग तोडून घरात पिकवता येईल ही आशा बहुधा फोल ठरते. शेंग वाळली, बोंड तपकिरी झालं, बी हलवल्यावर खुळखुळलं, नखाने दाबलं तरी खूण उमटली नाही, की ते तयार झालं. पण तयार झाल्यानंतर हाती राहणारा वेळ जातीगणिक बदलतो.

सोनेरी पॉपीचं बोंड वाळलं की तडकतं आणि बी दूर उडतं. रान-ल्युपिनच्या शेंगा पीळ घेत फुटतात. इथे शेंड्यावर कागदी किंवा सुती पिशवी आधीच बांधून ठेवावी लागते. अडेनियमचंही तसंच आहे. शिंगांसारखी जुळी शेंग उकलली, की दोन्ही टोकांना रेशमी झुपके असलेलं बी वाऱ्यावर जातं. म्हणून जाणते लोक शेंग फुगली की तिच्यावर जाळीची पिशवी चढवतात किंवा तिला दोरा गुंडाळून ठेवतात.

शेंगावर्गातल्या झाडांशी वेगळी घाई असते. सोनोरनमधल्या पालो वर्देच्या शेंगा जूनमध्ये वाळतात आणि मेस्कीटच्या जूनअखेर-जुलैत. थारमधल्या खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, शेंगाही उन्हाळ्यातच पिकतात. कोवळी असताना सांगरी म्हणून भाजीला जाणारी ही शेंग पिकून वाळली की तिला खोखा म्हणतात. दोन्हीकडे पुढे पावसाळा उभा असतो. शेंगा जमिनीवर पडून भिजल्या की बुरशी धरते. त्यामुळे झाडावर वाळलेल्या शेंगा पहिल्या पावसाआधी उतरवाव्यात, हा नियम टूसॉनला जसा लागू तसाच जोधपूरला.

यातलं सगळ्यात नेमकं वेळापत्रक सग्वारो निवडुंगाचं. मे-जूनमध्ये फुलं येतात आणि जूनअखेरीला, पावसाळ्याच्या तोंडावर, फळं पिकून लाल उकलतात. एका फळात सुमारे २,००० बारीक काळ्या बिया असतात. तिथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधम लोक वाळलेल्या सग्वारोच्याच लांब फासळ्या जोडून काठी करतात आणि उंचावरची फळं खाली पाडतात. गर काढून घेतला की रिकामं साल आतली लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात आणि पावसाला बोलावतात. त्यांचं नवं वर्ष इथूनच सुरू होतं.

रानात या बियांपैकी बहुतेक मुंग्या, पक्षी आणि उंदीर फस्त करतात. पुढच्या हंगामापर्यंत मातीत टिकणारं बी जवळजवळ उरत नाही. तेच बी धुऊन, वाळवून थंड जागी ठेवलं तर काही वर्षं चांगलं राहतं. मातीत जे टिकत नाही ते बरणीत टिकू शकतं, हे यातून ध्यानात येतं. जे रोप उगवतं, ते पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतं आणि फुलायला सुमारे ३५ वर्षं घेतं.

साफसफाई आणि भुंगे

गरातलं बी आणि शेंगेतलं बी यांची रीत वेगळी. निवडुंगाची फळं कुस्करून पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवली की गर सुटतो. मग चाळणीवर चोळून धुवावं आणि पातळ पसरून वाळवावं. गराचा अंश राहिला की बुरशी ठरलेलीच. शेंगा मात्र पूर्ण वाळवून कुटाव्यात, मग चाळावं आणि सुपाने पाखडावं. या कामाला सुपाइतकं चांगलं साधन प्रयोगशाळेतही नसतं. पाखडताना पोकळ बी आपोआप बाजूला उडतं. सेवणसारख्या वाळवंटी गवतांत हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्यांच्या कुसांत पुष्कळदा दाणाच भरलेला नसतो. मूठभर गवतबी गोळा केलं तर त्यातलं काही उकलून पाहावं आणि मगच मोजावं.

मेस्कीट, पालो वर्दे, खेजडी, थारमधलं कुमट या सगळ्यांवर भुंग्यांची नजर असते. भुंगा शेंगेवर किंवा बीवर अंडी घालतो, अळी बीच्या आत वाढते आणि भुंगा गोल भोक पाडून बाहेर येतो. भोक दिसतं तेव्हा आतलं बरंचसं खाऊन झालेलं असतं. गोळा करतानाच भोकाचं बी वेगळं काढावं. बाकीचं आधी नीट वाळवून मग दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं, की आत लपलेल्या अळ्या मरतात. हा क्रम उलटा होता कामा नये. ओलसर बी गोठवलं तर त्यातल्या पाण्याचं बर्फ होऊन कोंबच मरतो.

वाळवण आणि बरणी

साठवणीचं शास्त्र दोन शब्दांत सांगता येतं: कोरडं आणि थंड. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. बियांतली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य दुप्पट होतं. तापमान सुमारे पाच अंश सेल्सियसने उतरवलं, तर ते पुन्हा दुप्पट होतं. घरगुती हिशेबासाठी त्यांनी आणखी सोपा आडाखा दिला: खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी मिळवा, बेरीज शंभराच्या आत हवी.

ही बेरीज आपल्याकडे करून पाहण्यासारखी आहे. जुलैतल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत ३० अंश सेल्सियस, म्हणजे ८६ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८५ टक्के धरली तर बेरीज १७१ होते. मेमधल्या जोधपूरला ४० अंश, म्हणजे १०४, आणि आर्द्रता २० टक्के धरली तर १२४. नुसत्या उन्हाने बी बिघडतं असं आपण समजतो, पण दमट कोकणातला पावसाळा त्याला वाळवंटातल्या उन्हाळ्यापेक्षाही जास्त जाचतो. फ्रीजमध्ये ५ अंश, म्हणजे ४१, आणि हवाबंद बरणीत सिलिका जेल घालून आर्द्रता ४० टक्क्यांवर आणली तर ८१. एवढ्यानेच बहुतेक वाळवंटी बियांचं आयुष्य कित्येक पटींनी वाढतं.

कृती अशी. बी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, रद्दीच्या कागदावर पसरून आठ-दहा दिवस वाळवावं. तापलेल्या पत्र्यावर टाकू नये. मग ते कागदी पाकिटात भरावं आणि पाकिटं रबरी कडा असलेल्या काचेच्या बरणीत ठेवावीत. तळाशी रंग बदलणारं सिलिका जेल असावं. रंग पालटला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. महाराष्ट्रात हे काम मे महिन्यात उरकावं आणि मृग लागण्याआधी बरणीचं झाकण लागलेलं असावं. फ्रीजमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर थंड बियांवर दव धरतं आणि केलेली मेहनत पाण्यात जाते.

हे ज्ञान परकं वाटायचं कारण नाही. शेणाने सारवलेल्या कणग्या, मडक्यांच्या उतरंडी, बियांत मिसळलेली चाळलेली राख आणि कडुलिंबाचा पाला, हे सगळं याच तत्त्वावर चालत आलं आहे. राख ओल शोषते आणि किड्यांच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच पद्धतींनी देशी वाण राखण्याच्या कामाला मिळालेली दाद होती.

मोठ्या बीजपेढ्यांत हेच तत्त्व काटेकोरपणे पाळतात. इंग्लंडमधल्या वेकहर्स्टच्या मिलेनियम सीड बँकेत बी १५ अंश सेल्सियस आणि १५ टक्के आर्द्रतेत वाळवून उणे २० अंशांत ठेवलं जातं. पण प्रत्येक बी हे सोसत नाही. बीजशास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३मध्ये बियांचे दोन वर्ग मांडले: वाळवण आणि थंडी सोसणारे आणि न सोसणारे. वाळवंटी बिया बहुतांशी पहिल्या वर्गात मोडतात, तरीही त्यातल्या सगळ्याच दीर्घायुषी नसतात. थारमधल्या रोहिड्याचं पंख असलेलं कागदी बी, सोनोरनमधल्या ओकोतियोचं झालरीचं बी, अडेनियमचं झुपक्यांचं बी ही सगळी वाऱ्यावर जाऊन पहिल्या ओलीला उगवण्यासाठी घडलेली आहेत. त्यांना त्याच हंगामात पेरणं बरं. याउलट शमी, मेस्कीट, कुमट यांचं टणक कवचाचं बी कोरड्या जागी वर्षानुवर्षं तगतं. बी पाहिल्यावर त्याच्या साठवणीचा अंदाज बांधता येतो तो असा: पातळ आणि पंखाचं असेल तर लवकर पेरा, जाड आणि गुळगुळीत असेल तर निश्चिंत ठेवा.

बी किती टिकू शकतं याचं टोकाचं उदाहरण मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्याचं. तिथल्या १९६०च्या दशकातल्या उत्खननात खजुराच्या सुमारे २,००० वर्षं जुन्या बिया सापडल्या. २००५मध्ये संशोधक इलेन सोलोवे यांनी इस्रायलमधल्या केतुरा इथे त्यातल्या तीन पेरल्या. एक उगवली आणि तिचं झाड झालं. कोरड्या हवेने काय साधतं याचा हा पुरावा आहेच, पण उरलेल्या दोन उगवल्या नाहीत हेही लक्षात ठेवलं पाहिजे. साठवण म्हणजे अमरत्व नव्हे. दर दोन-तीन वर्षांनी दहा-वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून उगवण तपासावी, आणि निम्म्यावर आली की उरलेलं बी पेरून नवं बी धरावं.

जागं करणं

टणक कवचाच्या बीला पाणी आत शिरायला वाट हवी असते. पॉलिश कागदावर एका बाजूने हलकेच घासावं किंवा उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावं. फुगलेलं बी पेरावं, न फुगलेलं पुन्हा घासावं. सोनोरनमधल्या आयर्नवूडचं ताजं बी मात्र असल्या कशाचीच वाट पाहत नाही. उजेडाचंही भान ठेवावं लागतं. सग्वारोच्या बीला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते वाळूवर पसरून नुसतं दाबायचं. थारच्या तुंब्याचं, म्हणजे आपल्या कडू इंद्रावणाचं, बी उजेडात थांबून राहतं. त्याला मातीखालचा अंधार हवा.

माणसाच्या निवडीने ही झोपही बदलू शकते. सोनोरनमधल्या 'डेव्हिल्स क्लॉ' या रोपाचं फळ वाळलं की दोन वाकड्या आकड्यांत उकलतं आणि जनावरांच्या पायांना अडकून पसरतं. महाराष्ट्राच्या माळावर दिसणारी वाघनखी याच कुळातली, तीही मूळची मेक्सिकोकडची. ओओधम स्त्रिया या आकड्यांच्या काळ्या सालीचे पट्टे टोपल्या विणायला वापरतात. लांब आकड्यांच्या रोपांचं बी त्या राखत गेल्या आणि त्यातून एक घरगुती वाण तयार झाला. रानटी रोपाचं बी काळं आणि उगवायला हट्टी. घरगुती वाणाचं बी पांढरं आणि ते चटकन उगवतं. टोपलीसाठी केलेल्या निवडीत बीची सुप्तावस्थाच बहुतांशी गळून पडली.

बी कुठलं आणि कुठे

आता चौथा प्रश्न, आणि इथे मन कठोर करावं लागतं. ज्याला आपण अंजन गवत म्हणतो आणि थारमध्ये धामण म्हणतात, ते तिथल्या पशुपालकांचा आधार आहे. जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, काझरी, त्याच्या चांगल्या जाती निवडून पसरवत आली. हेच गवत १९३०च्या दशकापासून आफ्रिकेतून आणून अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात चारा आणि जमिनीची धूप थांबवण्यासाठी पेरलं गेलं. सोनोरनमध्ये ते मोकाट सुटलं. दोन झुडपांमधली मोकळी जमीन त्याने भरून काढली, आणि जिथे आग पसरायला वाटच नव्हती तिथे ती पसरू लागली. गवत आगीनंतर पुन्हा फुटतं, सग्वारो मरतो. २००५मध्ये ॲरिझोनाने त्याला घातक तण जाहीर केलं.

उलट दिशेनेही असंच झालं. अमेरिकेतल्या मेस्कीटचा भाऊबंद, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, जोधपूर संस्थानाने हिरवाईसाठी आणला आणि १९४०मध्ये त्याला 'शाही झाडा'चा मान दिला. गोड शेंगा शेळ्या-गुरांनी खाल्ल्या, टणक बी त्यांच्या पोटातून सुखरूप बाहेर पडलं आणि विलायती बाभूळ पश्चिम भारतभर पसरली. सोलापूर-मराठवाड्यात तीच वेडी बाभूळ. राव जोधा पार्क उभारताना पर्यावरणप्रेमी लेखक प्रदीप कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सगळ्यात आधी हिचीच मुळं खडकातून काढावी लागली. त्यासाठी दगडफोडीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले खंडवालिया कामगार बोलवावे लागले.

दोन्ही वेळी बी उत्तम होतं, निरोगी होतं, चांगल्या हेतूने पेरलेलं होतं. चुकलं ते ठिकाण. म्हणून पाकिटावर नुसतं नाव पुरेसं नाही. जातीचं नाव, नेमकी जागा, तारीख, किती झाडांवरून घेतलं, जमीन कशी होती, हे सगळं त्यावर असलं पाहिजे. ही नोंद नसलेलं बी बागेला चालेल, पण माळरान सावरायला त्याचा भरवसा धरता येत नाही.

रानातून किती घ्यायचं यालाही मर्यादा आहे. वेकहर्स्टच्या बीजपेढीचा दंडक असा, की त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. दुष्काळाच्या वर्षी त्याहूनही कमी घ्यावं किंवा अजिबात घेऊ नये. एकाच झाडाला ओरबाडण्यापेक्षा अनेक झाडांवरून थोडं थोडं घेतलं, तर वाणातलं वैविध्यही टिकतं.

कायदाही आड येतो आणि तो यायलाच हवा. ॲरिझोनात सग्वारोला कायद्याचं संरक्षण आहे. मेक्सिकोतून बाहेर जाणाऱ्या निवडुंगांच्या बियांवरही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. भारतात बी आणायचं तर २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. परदेशी राहणारे आपले कितीतरी लोक आवडीच्या झाडाचं बी सामानात टाकून आणतात-नेतात. त्यामागची माया खरी असली, तरी वेडी बाभूळही कुणाच्या तरी चांगल्या इच्छेनेच इथे आली होती.

बी फिरतं ठेवणं

गोळा केलेलं बी कुलपात ठेवायचं की वाटायचं, या प्रश्नाला टूसॉनने चांगलं उत्तर दिलं आहे. गॅरी नाभान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये तिथे 'नेटिव्ह सीड्स सर्च' ही संस्था सुरू केली. टेपरी घेवड्यासारखे वाळवंटात तगणारे वाण ती गोठवूनही ठेवते आणि दर काही वर्षांनी शेतात पिकवून ताजेही करते. तिथल्या पिमा परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात २०१२पासून पुस्तकांसारखी बियांची पाकिटं घेऊन जाता येतात. वाचकाने ती पेरायची आणि जमलं तर बी धरून परत आणायचं.

आपल्याकडे माण, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात शमी, हिवर, बोर, नेपती, अंजन गवत ही सगळी मंडळी अजून आहेत. पावसाळ्यापूर्वी वृक्षारोपणासाठी रोपं मागवली जातात, तेव्हा ती कुठल्या बियांची हे सहसा कुणी विचारत नाही. त्या त्या तालुक्यातल्या शाळेत किंवा वाचनालयात एक कपाट, काही बरण्या आणि एक नोंदवही असली, तर हे चित्र बदलू शकतं. खर्च नगण्य आहे आणि तंत्र आपल्या आज्यांना ठाऊक होतं. नव्याने लावून घ्यायची सवय एकच, बी हातात घेतल्याबरोबर त्याचा पत्ता लिहून ठेवायची. दुष्काळी भागात झाडं लावण्याचा प्रत्येक कार्यक्रम रोपांच्या संख्येआधी बियांच्या या पत्त्यापासून सुरू व्हायला हवा.